गाडी स्वस्त का आहे, हे आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की जळगाव-धुळ्याच्या जुन्या गाड्यांच्या बाजाराला जाग येते. घरात साठवलेला कापूस विकून झालेला असतो, लग्नसराई तोंडावर असते आणि लाख-दीड लाखात चारचाकी दारात उभी करायची हौस बऱ्याच घरांत असते. हौसेत गैर काही नाही. पण गिऱ्हाईक बघतं ते रंग, सीट कव्हर, टेप आणि 'अ‍ॅव्हरेज किती देते'. बाजारभावापेक्षा तीस-चाळीस हजारांनी गाडी कमी का, हे कुणी विचारत नाही. काही कारणं घेणाऱ्याच्या फायद्याची असतात, काही त्याला बुडवणारी. तो फरक ओळखता यावा म्हणून हे पत्र.

आधी फायद्याचं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी भंगारातच जाते, असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. महाराष्ट्रात तसं नाही. आरटीओत तपासणी करून नोंदणी पुढे पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क चारचाकीला ५,००० रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा. या भीतीपोटी १३-१४ वर्षांची, डॉक्टरांनी किंवा शिक्षकांनी जपून वापरलेली पेट्रोल वॅगन आर नाहीतर आय-टेन मातीमोल भावात निघते. पत्रा आणि इंजिन धड असेल तर कमी पैशात यापेक्षा बरा सौदा नाही. एवढ्या जुन्या गाडीला कर्ज मात्र सहसा मिळत नाही. पैसे रोख लागतात, म्हणून गिऱ्हाईक कमी आणि भाव आणखी खाली.

दुसरं चांगलं कारण म्हणजे बंद पडलेली कंपनी. शेव्हरोलेने २०१७ च्या अखेरीस इथली विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. या गाड्यांना भाव येत नाही. इथे गाडीगणिक विचार करावा लागतो. अशाच बंद झालेल्या फियाट पुंटोच्या डिझेल गाडीत १२४८ सीसीचं तेच मल्टिजेट इंजिन आहे जे स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टात आहे. त्याचे पार्ट धुळ्यात काय नि शहाद्यात काय, कुठेही मिळतात, प्रत्येक मिस्त्रीला ते तोंडपाठ आहे. अडतं ते हेडलाइट, बंपर, दरवाजाची काच अशा वस्तूंवर. म्हणून अशा गाडीचा पत्रा आणि काचा शंभर टक्के असतील तरच हात घालावा. इंजिनाचं थोडंफार काम निघालं तरी चालेल. नेहमीच्या सल्ल्याच्या हे उलट आहे, पण या गाड्यांबाबत हेच खरं.

आता बुडवणारी कारणं. पहिलं, परराज्याचं पासिंग. नवापूरपलीकडे गुजरात, रावेर-शिरपूरपलीकडे मध्य प्रदेश, त्यामुळे जीजे आणि एमपीच्या गाड्या आपल्या रस्त्यावर नवलाच्या नाहीत. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले तेव्हापासून डीएल पासिंगच्या मोठ्या गाड्याही इकडे उतरतात. किंमत ऐकून माणूस भुलतो. पण मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र (फॉर्म २८), लागते, १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे ठेवायची तर एमएच क्रमांक घ्यावाच लागतो आणि वयानुसार घटवलेल्या किमतीवर महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागतो. छोट्या पेट्रोल गाडीला कराचा मूळ दर ११ टक्के, डिझेलला १३ टक्के. एजंटचा खर्च वेगळा. 'एनओसी येतेय, महिनाभरात मिळेल' असं सांगणाऱ्याकडून एनओसी हातात पडेपर्यंत गाडी घेऊ नये. त्यापेक्षा पुण्या-नाशिकचं एमएच-१२, एमएच-१५ पासिंग बरं; राज्यबदलाचा कर नाही आणि तिकडे गाड्यांची निवडही जास्त.

दुसरं, आरसीवरचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचा, कर्जाचा बोजा. कर्ज फिटलं असं मालक तोंडी सांगतो, पण बँकेचा फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र आरटीओत जाऊन बोजा उतरलेला नसतो. एम-परिवहन अ‍ॅपवर क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, बोजा, विमा, पीयूसी एवढं समजतं. ई-चलन वेगळं तपासावं. ती आरसी भाड्याच्या प्रवासी वाहनाची नाही ना, हेही पाहावं. पिवळी पाटी काढून पांढरी केलेल्या डिझायर, अर्टिगा, टवेरा बाजारात भरपूर आहेत. दीड-दोन लाख किलोमीटर भाड्याने पळालेल्या गाडीचं मीटर मागे फिरवायला आता लॅपटॉप आणि अर्धा तास पुरतो.

म्हणून मीटरवर विश्वास नको. ५० हजार किमीच्या गाडीचे क्लच-ब्रेकचे पेडल रबर गुळगुळीत होत नाहीत, ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड बसत नाही, स्टिअरिंगचा दाणा जात नाही. पेडलला नवं रबर लावलेलं दिसलं तर शंका उलट वाढवावी. टायरवर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटर २८ हजार आणि चारही टायर २०२४ चे, तर पहिले टायर कुठे झिजले? अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये क्रमांक दिला की बहुतेक ठिकाणी सर्व्हिसच्या नोंदी कळतात. मालकाला सोबत न्यावं म्हणजे नाही म्हणत नाहीत.

पत्रा पाहायला सकाळच्या तिरप्या उन्हात जावं. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली कोणतीही गाडी नवी दिसते. पातळ कापडात गुंडाळलेलं साधं लोहचुंबक दरवाजा, फेंडर, मागच्या चाकावरची कमान यांवरून फिरवावं; जिथे ते सुटतं तिथे खाली पुट्टी आहे. दरवाजाचं रबर बीडिंग थोडं ओढून आतले स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके पाहावेत. कंपनीचे ठिपके सारख्या अंतरावर असतात, गॅरेजचे वेडेवाकडे. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग पान्याने निघालेला असेल तर तो भाग उतरला आहे. फेंडर बदललेला चालतो, बंपरही चालतो. पण अ‍ॅप्रन (बॉनेटखालचा बाजूचा सांगाडा), पिलर (छताचे खांब) किंवा चासी जोडलेली गाडी कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. ती रस्त्यावर सरळ चालत नाही आणि टायर खात राहते. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्यावी आणि आरसीशी आकडा न आकडा ताडावा.

आपल्याकडची एक खास खोड म्हणजे डिक्कीतून खताच्या गोण्या वाहणं. सांडलेला युरिया दमट झाला की पत्रा खातो. स्टेपनी उचलून खालची वाटी, कार्पेटखालचा मजला बोटाने दाबून पाहावा. पापुद्रे निघाले तर वरून कीर्तन, आतून तमाशा. शेतावरच्या शेडमध्ये उभ्या गाडीची वायरिंग उंदरांनी कुरतडलेली असते, तेव्हा बॉनेटखाली टेपने गुंडाळलेल्या वायरी मोजाव्यात. पुरातली गाडी ओळखायला सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढावा: आत गाळाची रेघ, सीटच्या रुळांवर गंज, फ्यूज बॉक्समध्ये हिरवट बुरशीसारखा थर. ऑगस्ट २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरासारखा प्रसंग आला की अशा गाड्या धुऊन-पुसून लांबच्या जिल्ह्यांत विकायला निघतात.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावं. 'तुम्ही यायच्या आधी गरम करून ठेवली' हे सौजन्य नव्हे. गरम इंजिन आपले दोष लपवतं. आधी सायलेन्सरला हात लावून खात्री करावी. चावी फिरवल्यावर चेक इंजिन आणि एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि नंतर विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही, तर कुणीतरी बल्ब काढला आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय: रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा डिझेलमध्ये टर्बो. गरम झाल्यावरही थांबत नाही असा पांढरा धूर आणि कूलंट कमी होत जाणं म्हणजे हेड गॅसकेट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) गेलेलं. डिझेलचा दाट काळा धूर इंजेक्टर, ईजीआर (जळका धूर इंजिनात परत फिरवणारा व्हॉल्व्ह) किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरचा. आयडलवर ऑइलचं झाकण उघडून उलटं तोंडावर ठेवावं. ते थरथरतं तोवर ठीक, उडून पडलं तर इंजिन बॅक मारतंय, म्हणजे आतला दाब वर येतोय, आणि रिंगा-पिस्टनचं काम तोंडाशी आहे. झाकणाच्या आत दुधाळ कॉफीसारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरलंय.

भुसावळ-जळगावचा मे महिना पारा ४५ अंशांवर नेतो. इथे गाडीची खरी परीक्षा कूलिंग आणि एसीची. दुपारी एक वाजता, एसी चालू ठेवून गाडी वीस मिनिटं उभी ठेवावी. फॅन आपोआप सुरू-बंद झाला पाहिजे, काटा मध्यावरून हलता कामा नये. काटा चढत असेल तर रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप यांपैकी काहीतरी गेलं आहे. त्याच अवस्थेत ती आधी वापरली असेल तर हेड वाकलेलं असण्याची शक्यता धरा. कूलंटच्या बाटलीत तांबडं गंजाचं पाणी म्हणजे मालकाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलं. रेडिएटरचं झाकण गरम असताना मात्र उघडू नका.

मग रस्त्यावर न्यावी, गावातल्या गल्लीत नव्हे. चौथ्या गिअरमध्ये ४० वर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर इंजिनाचा आवाज चढला आणि वेग चढला नाही, तर क्लच घसरतोय. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवताना कट-कट आवाज म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. ६० च्या पुढे विमानासारखी घरघर म्हणजे व्हील बेअरिंग. खड्ड्यातल्या टक-टक आवाजाला घाबरू नये, लिंक रॉड आणि बुश दोन-तीन हजारांत होतात. पण भाव पाडायला तो आवाज कामाचा.

इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळायला टायमिंग बेल्ट आहे की चेन, हेही विचारा. जुन्या अल्टो आणि अल्टो ८०० च्या ७९६ सीसी इंजिनाला बेल्ट आहे, मारुतीच्या के-सिरीज इंजिनांना चेन. इंडिकाच्या जुन्या डिझेललाही बेल्ट. डिझेलमध्ये बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेडचं काम निघतं. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो खर्च आपलाच. बीएस-६ डिझेल गावातल्या गावात फिरवायला घेऊ नये, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबतो. सीएनजी किट असेल तर आरसीवर नोंद आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी चाचणी दोन्ही पाहाव्यात. घरगुती सिलिंडरवर चालवलेली व्हॅन दाराशीसुद्धा आणू नये.

हिशेब असा मांडावा. छोट्या पेट्रोल गाडीची मागणी १,६०,००० धरा. चार टायर १३,०००, बॅटरी ४,५००, क्लच ७,०००, कूलंट-ऑइल-बेल्टसह सर्व्हिस ६,०००, थर्ड पार्टी विमा २,५००. झाले ३३,०००. आकडे अंदाजे आहेत, पण गाडी पडते १,९३,००० ला. शेजारची १,८०,००० ची गाडी नव्या टायर-क्लचसह असेल तर स्वस्त तीच. आणखी एक गोष्ट, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुन्या गाडीचा भाव त्या आधीच्या नव्या किमतीवरून सांगत असतील तर तो मान्य करू नका. 'नो क्लेम बोनस गाडीसोबत मिळेल' हेही खोटं. तो मालकाचा असतो, गाडीचा नव्हे.

कागदात फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेताना तारीख आणि ताब्याची वेळ असलेला करार वेगळा करावा, पैसे बँकेतून द्यावेत आणि नाव चढेपर्यंत पाच-दहा हजार राखून ठेवावेत. विकणाऱ्यानेही कोऱ्या टीटी (हस्तांतरणाच्या) फॉर्मवर सही करून मोकळं होऊ नये. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी नसेल तर हस्तांतरणच अडतं. चारचाकीला ती ७४५ रुपये अधिक जीएसटी.

आता गाऱ्हाणं. केंद्राच्या नियमांनुसार १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं (फॉर्म २९बी), आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की तशी ऑनलाइन सूचना (फॉर्म २९सी) जाते. म्हणजे मधल्या काळात जबाबदार कोण, हे कागदावर राहतं. पण रस्त्याकडेला ताडपत्री बांधून वीस गाड्या लावणाऱ्यांपैकी किती जणांकडे हे पत्र आहे, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या परिवहन कार्यालयांनी अशा अधिकृत विक्रेत्यांची यादी आपल्या फलकावर लावावी आणि आपण ती आखाजीपूर्वी छापावी, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक, अमळनेर