माउंट पुन्हा चालता करणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

‘नाव कुठे टाकू नकोस’ असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास ज्यांचं रोजचं जाणं-येणं आहे ते ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

माझ्या दुर्बिणीच्या माउंटची, म्हणजे दुर्बीण ज्यावर बसते त्या फिरत्या बैठकीची, मोटर थरथरायची, पण पुढे सरकायची नाही. तुमच्याकडे येण्याआधी जिथे दाखवला तिथे एका वाक्यात निकाल लागला होता : अख्खा बोर्ड बदला, बाहेरून मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही. झाकण उघडून बघायचीही तसदी कुणी घेतली नव्हती.

हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. त्यांच्यामागे दुर्बीण न्यायची तर माउंटचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखायचा (पुण्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो) आणि मोटरने तो सावकाश फिरवत ठेवायचा. मोटर बंद असेल तर 200 पट वर्धनाला गुरू साधारण मिनिटभरात आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) एका कडेने येऊन दुसऱ्या कडेने निघून जातो. हाताने चाक फिरवत बघता येतं, पण फोटोचं नाव काढायला नको.

तुम्ही दुर्बिणीला कधी डोळा लावलेला नव्हता, पण जुन्या प्रिंटरांतल्या, माझ्या माउंटमध्ये असतात तसल्या, टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या स्टेपर मोटरी हाताळण्यात तुमची हयात गेलेली. तुमचा पहिलाच प्रश्न होता, ‘याला एका फेरीला किती वेळ लागायला पाहिजे?’ मी म्हटलं, 23 तास 56 मिनिटं 4 सेकंद. ‘म्हणजे रोज चार मिनिटं पुढे जाणारं घड्याळ,’ असं म्हणून तुम्ही स्क्रू काढायला घेतलेत.

आधी पॉवर काढून दोन्ही मोटरींचे कनेक्टर अदलाबदल केलेत. आता थरथर दुसऱ्या मोटरीत, आणि बंद पडलेली मोटर मजेत फिरतेय. मोटर निर्दोष सुटली, दोष बोर्डात. मग मला स्टुलावर बसवून समजावलंत, की हिच्यात दोन कॉइल असतात आणि एकीलाच करंट मिळाला तर ती नुसती जागच्या जागी गुरगुरते. ऑसिलोस्कोपवर कंट्रोलरकडून येणारे पल्स व्यवस्थित दिसत होते, पण ड्रायव्हर आयसीच्या (मोटरीला करंट देणाऱ्या चिपच्या) एका बाजूने पुढे काहीच जात नव्हतं.

आयसी बदलून तिथेच काम संपवता आलं असतं. माझी काही तक्रार नसती, मला कळलंच नसतं. तुम्ही मात्र बोर्ड भिंगाखाली धरून पुटपुटत होतात, ‘पण हा मेला कशाने?’ मोटरीच्या कनेक्टरची एक पिन चिमट्याने हलवलीत आणि मला बघायला लावलंत. पिनेभोवतीच्या डागाला केसाएवढी गोल चीर होती. ड्राय सोल्डर. माउंट वळला की केबल ताणली जायची, पिन हलायची, कॉइलचा करंट मध्येच तुटायचा, आणि तुटताना कॉइल वाढीव व्होल्टेजचा झटका ड्रायव्हरवर टाकायची. असे झटके खात खात आयसी गेला. चीर तशीच राहिली असती तर नवा आयसीही त्याच वाटेने गेला असता. तुमचे आभार मानायचे ते मुख्यतः या एका प्रश्नासाठी.

नवा आयसी हॉट एअरने बसवलात, पिनांना ताजे डाग दिलेत, केबलला ढील ठेवून ती बांधलीत. बॅटरीच्या वायरीत न मागता एक फ्यूजही टाकलात.

मोटर फिरायला लागल्यावर मी निघायच्या तयारीत, तर तुम्ही म्हणालात, ‘फिरते हे दिसतंय. बरोबर वेगाने फिरते कशावरून?’ माझ्या माउंटच्या मुख्य चाकाला 144 दाते आहेत, म्हणजे ते चाक फिरवणाऱ्या वर्मची (मळसूत्री दांड्याची) एक फेरी साधारण 598 सेकंदांत व्हायला हवी. वर्मच्या टोकाला मार्करने ठिपका काढून तुम्ही मोबाइलवर स्टॉपवॉच लावलंत. गिऱ्हाइकं येत होती, रिमोट, चार्जर, एक मिक्सर, आणि प्रत्येकाला तुमचं एकच उत्तर : ‘दहा मिनिटं थांबा.’ ठिपका जागेवर आला तेव्हा घड्याळात 9 मिनिटं 58 सेकंद झाली होती. मिक्सरवाल्या बाई फार वैतागल्या होत्या, त्यांचेही आभार.

त्यानंतर गच्चीवरून मृगातल्या तेजोमेघाचे फोटो काढले. मिनिटभराच्या फोटोत तारे गोल आले आहेत, लांबट नाहीत. प्रिंट घेऊन येतोच आहे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बिलाच्या पाठीमागे तुम्ही ड्रायव्हरच्या भागाची जी आकृती काढून दिलीत, तिचा फोटो इतर हौशी मंडळींना पाठवला तर चालेल ना? कंपनीकडून सर्किट मिळत नाही, त्यामुळे तो कागद सोन्याच्या मोलाचा आहे. आणि दुसरं, माझ्या एका मित्राचा कंट्रोलर बंद आहे. त्यालाही ‘बोर्ड बदला’ एवढंच सांगितलंय. पुढच्या आठवड्यात दुपारी घेऊन येऊ का? मजुरी मात्र या खेपेला घ्यावी लागेल, सुट्या भागांचेच पैसे लावणार असाल तर तो यायला तयार नाही.

तुमचा,
गच्चीवरचा गिऱ्हाईक