आधी पंपाची रॅक सुटी करा, मग हँडल मारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बंद पडलेल्या गुऱ्हाळात, विहिरीवरच्या खोपटात किंवा गिरणीच्या मागच्या पडवीत वर्षानुवर्षे गंजत पडलेली ऑइल इंजिने बाहेर काढून चालू करण्याची हौस अलीकडे वाढली आहे. कृषी प्रदर्शनांत आणि जत्रांत ती मांडलेली दिसतात, मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ फिरतात. भंगारवाल्याच्या काट्यावर जाण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. साताऱ्याची कूपर, १९४६ पासून खडकीत बनलेली किर्लोस्कर, इंग्लंडमधल्या डर्सलीची लिस्टर आणि तिच्याच नमुन्यावर राजकोटला निघालेली असंख्य इंजिने, हा सगळा ऐवज आपल्या शिवारांत अजून आहे.

पण त्या व्हिडिओंत एक प्रकार हमखास दिसतो. वरून डिझेल मारून पुसून घेतात, टाकीत दोन लिटर ओततात, पाइपातली हवा (एअर) काढतात आणि दोघे-तिघे मिळून हँडल मारतात. नोझलला, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीला, डिझेल पोचवणाऱ्या पंपाकडे कुणी बघत नाही. माणसे जायबंदी होण्याची खरी जागा तीच आहे, म्हणून हे पत्र.

डिझेल इंजिनाला प्लग नसतो आणि स्विचही नसतो. ते बंद करायचे म्हणजे त्याचे तेल, म्हणजे डिझेल, तोडायचे, आणि हे काम पंपातली रॅक करते. रॅक म्हणजे दातेरी पट्टी. ती सरकली की आतला एलिमेंट, म्हणजे पंपाचा दट्ट्या, फिरतो आणि दर ठोक्याला नोझलकडे किती डिझेल जायचे ते ठरते. इंजिन उभे असताना गव्हर्नरची, म्हणजे वेग आवरणाऱ्या यंत्रणेची, वजने मिटलेली असतात आणि त्याची स्प्रिंग रॅकला 'फुल' तेलाच्या बाजूला ओढून धरते. इंजिन वेग घेते, वजने उघडतात आणि रॅकला मागे खेचतात, तेव्हा कुठे तेल कमी होते. आता हेच इंजिन वीस वर्षे उभे राहिले आणि रॅक फुलवरच गंजली किंवा जुन्या डिझेलच्या चिकट्याने आवळली, तर काय होईल? पहिला ठोका पडताच त्याला पूर्ण तेल मिळणार, अंगावर लोड काही नसणार आणि गव्हर्नरने कितीही ओढले तरी रॅक हलणार नाही. मग इंजिन बेफाम वेगाने पळत सुटणार.

उदाहरणाला लिस्टर धर्तीचे ६/१ इंजिन घेऊ. सहा हॉर्सपॉवर, मिनिटाला ६५० फेरे. बाजूचे जड चाक (फ्लायव्हील) दोन फूट व्यासाचे धरले तर ठरल्या वेगाला त्याची कड सेकंदाला साधारण २१ मीटरने धावते. बिडाच्या चाकाला सेकंदाला ३० मीटर ही जुन्या कारखानदारांनी पाळलेली मर्यादा आहे. इंजिन १३०० फेऱ्यांवर पळाले की कड ४१ मीटरवर जाते आणि चाकातला ताण दुपटीवर थांबत नाही, चौपट होतो. त्यात आऱ्याला जुनी चीर असेल, तर चाकाचे तुकडे भिंत फोडून बाहेर जातात.

म्हणून कामाची सुरुवात पंपापासून करावी. गव्हर्नरच्या दांडीची पिन काढून रॅक मोकळी करा आणि एका बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून पाहा. मध्ये कुठेही अडखळता कामा नये. अडखळली तर पंप उतरवून दोन दिवस रॉकेल-डिझेलच्या मिश्रणात बुडवून ठेवा. हातोडी मारू नका. एलिमेंट आणि त्याचे बॅरल एकमेकांत घासून बसवलेली जोडी असते, त्याला एमरी लावली किंवा दुसऱ्या पंपाचा एलिमेंट घातला की ती जोडी कामातून गेली. पंप उतरवताना खाली पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) निघाल्या तर त्या मोजून तारेत ओवून ठेवा. किर्लोस्करसारख्या इंजिनात तेलाचे टायमिंग, म्हणजे डिझेल सुटण्याची वेळ, त्या शिमांवरच असते. लिस्टर धर्तीत ते पंपाखालच्या टॅपेटच्या स्क्रूवर असते, त्याचा लॉकनट उगाच सैल करू नये.

पंप परत बसवला की नोझलकडे जाणारा पाइप न जोडता एक चाचणी घ्या. स्टॉप लिव्हर बंद स्थितीत ठेवून इंजिन हळूहळू हाताने फिरवा. पंपाच्या तोंडाशी डिझेल थबकलेले दिसले पाहिजे, तसूभरही वर चढता कामा नये. मग लिव्हर सोडा. आता चाकाच्या दर दोन फेऱ्यांना एकदा डिझेल उसळून बाहेर आले पाहिजे. शेवटी गव्हर्नरची वजने हाताने बाहेर ओढून पाहा: रॅक पूर्ण बंदकडे सरकली पाहिजे. या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय हँडलला हात लावू नये. काही वेळा रॅक बंद स्थितीत अडकलेली असते. त्यात तसा धोका नाही, पण चालू होत नाही म्हणून कुणीतरी पक्कडीने ती फुलकडे ढकलतो, ती तिथेच बसते आणि मग वरचा सगळा प्रसंग ओढवतो.

जाम पिस्टनबद्दल. बहुतेक इंजिने पावसाच्या पाण्याने जाम होतात. उभ्या सायलेन्सरवर टोपी नसते, पाणी उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून थेट लायनरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्यात धावतो त्या नळकांड्यात, उतरते. अशा वेळी चाकाच्या आऱ्यांत पहार घालून जोर देणे किंवा पट्टा लावून ट्रॅक्टरने ओढणे हे दोन्ही उपाय इंजिनाचे वाटोळे करतात. आरा तडकतो किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि वाकलेला रॉड बाहेरून दिसत नाही. हेड उतरवावे. पिस्टनच्या वर लायनरला जो गंजाचा पट्टा असतो तो आधी बारीक पॉलिश पेपरने काढावा, नाहीतर पिस्टन सुटून वर येताना रिंगांचे तुकडे होतात. मग एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) आणि अ‍ॅसिटोन निम्मे-निम्मे मिसळून पिस्टनवर ओतावे, रोज थोडी भर घालावी. अ‍ॅसिटोन पेट्रोलसारखेच पेट घेते, तेव्हा जवळपास विडी-काडी नको. आठवडाभराने लायनरच्या मापाचा बाभळीचा ठोकळा पिस्टनवर ठेवून घणाचे हलके ठोके द्यावेत. दर ठोक्याला केसभर हलला तरी पुरे. नाही हलला तर आणखी आठवडाभर थांबावे.

पिस्टन निघाल्यावर लायनर किती झिजला हे बोअर गेज नसतानाही कळते. एक रिंग लायनरच्या तळाशी, जिथे झीज होत नाही तिथे, पिस्टनने ढकलून सरळ बसवा आणि तिच्या टोकांमधली फट फिलरने (मापाच्या पातळ पत्तीने) मोजा. तीच रिंग वर, रिंगांची धाव संपते त्या कडेखाली, ठेवून पुन्हा मोजा. दोन फटींतला फरक भागिले ३.१४ म्हणजे व्यासातली झीज. ०.९ मिमी फरक आला तर झीज जवळपास ०.३ मिमी. साडेचार इंची लायनरला एवढी झीज प्रदर्शनापुरत्या चालण्याला चालून जाते, पण थंडीच्या दिवसांत इंजिन चालू करायला दमवेल. नवी रिंग घातली तर तिची फट ०.४ ते ०.४५ मिमीच्या आसपास ठेवावी. ती मोजल्याशिवाय घालू नये, कारण टोके भिडली की रिंग गरम होऊन आवळते.

क्रँककेसचे झाकण उघडून तळ बोटांनी चाचपावा. राजकोटच्या काही इंजिनांत ओतकामाची वाळू आतल्या रंगाखाली राहून गेलेली असते, ती सुटून ऑइलमध्ये येते. तळाचा गाळ खरवडून, रॉकेलने धुऊन, कोरड्या सुती कापडाने पुसावा. बिगएंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या) टोपीखाली ऑइल उडवणारा छोटा दांडा, म्हणजे डिपर, जागेवर आहे ना ते पाहावे. तो तुटलेला असेल तर लेव्हल बरोबर असूनही बेअरिंगला ऑइल मिळत नाही. डिपरवर चालणाऱ्या या इंजिनांना ऑइल फिल्टर नसतो. म्हणून साधे एसएई ३० किंवा उन्हाळ्यात ४० ग्रेडचे, शक्यतो डिटर्जंट नसलेले ऑइल घालावे. त्यात घाण तळाशी बसते, बेअरिंगमधून फिरत राहत नाही. लेव्हल खुणेच्या वर जाऊ देऊ नये, त्याचे कारण पुढे येईल.

चाक शाफ्टवर घट्ट धरणाऱ्या चावीकडे, म्हणजे पाचरीकडे, सहसा दुर्लक्ष होते. चावी सैल असली की इंजिन ठक-ठक वाजते, मेकॅनिक बिगएंड खोलतो, शिम काढतो, आवाज तसाच. पाहायचे ते आधी चावीत. आणि चावीचे बाहेर आलेले डोके फिरत असताना दिसत नाही. धोतराचा सोगा, उपरणे किंवा ओढणी त्यात अडकली की सोडवायला वेळ मिळत नाही. त्यावर पत्र्याची टोपी बसवावीच.

पाण्याचे थोडक्यात. दोनशे लिटरचे बॅरल थर्मोसायफनला (गरम पाणी आपोआप वर चढून फिरण्याला) पुरते, मात्र हेडकडून येणारा वरचा पाइप बॅरलमधल्या पाण्याच्या पातळीखाली उघडला पाहिजे. पातळी त्या तोंडाच्या खाली गेली की पाणी फिरायचे थांबते आणि बॅरल गार असतानाच हेड तापते. विहिरीवर पंपाच्या पाण्याची धार थेट इंजिनातून सोडायची आपल्याकडे पद्धत होती. तिने इंजिन कायम थंड राहते, डिझेल पुरते जळत नाही आणि रिंगा चिकटतात. हेडमधून निघणारे पाणी हात ठेववणार नाही इतके गरम असणेच योग्य.

टायमिंग तपासायचे तर पंपाच्या तोंडातला डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग काढून त्या तोंडाला वाकडी नळी लावा, रॅक फुलवर ठेवा आणि चालायच्या दिशेने चाक सावकाश फिरवा. नळीतून वाहणारे डिझेल ज्या क्षणी थांबते तिथे चाकावर खडूची खूण करा. लिस्टर ६/१ ला ही खूण पिस्टन वर पोचण्याच्या २० अंश आधी हवी. अंश मोजायला काही लागत नाही, चाकाच्या परिघाला १८ ने भागा. दोन फुटी चाकाला ते साडेदहा सेंटिमीटर येते. दीड हजार फेऱ्यांच्या किर्लोस्कर एव्ही-१ ला माप वेगळे, ते तिच्या पुस्तिकेतले घ्यावे.

आता चालू करणे. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांवर ऑइलचे थेंब सोडा, हवेच्या तोंडातून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घाला. जास्त नको. डिकॉम्प्रेशन (व्हॉल्व्ह उघडा धरून कॉम्प्रेशन सोडणारी दांडी) उचलून, तेल बंद ठेवून पंचवीस-तीस फेरे मोकळे फिरवा, म्हणजे बेअरिंगना ऑइल पोचते. मग तेल सोडा आणि कान द्या: दर दुसऱ्या फेऱ्याला नोझल 'कर्र' असा आवाज करते. तो आवाज नसेल तर एअर राहिली आहे किंवा नोझलची सुई अडकली आहे, तेव्हा हँडल मारण्यात अर्थ नाही. लिस्टरला हेडच्या बाजूला कॉम्प्रेशन बदलायचे छोटे चाक असेल तर ते आत आवळून घ्या, इंजिन तापून लोड आल्यावर सोडा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीत गुंडाळू नका. उलटा झटका आला की गुंडाळलेला अंगठा मोडतो. हँडलचे भोक आणि शाफ्टचे टोक साफ करून ग्रीसचा हात फिरवलेला असावा, नाहीतर इंजिन लागल्यावर हँडल निघत नाही आणि शाफ्टबरोबर गरगरते.

लागत नसेल तर इथर किंवा पेट्रोलची फवारणी नको. एवढ्या कॉम्प्रेशनला ते वेळेआधीच पेटते, झटका मारते आणि जुन्या रिंगा फोडते. जॅकेटमध्ये (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत) कोमट करून पाणी भरा, बहुतेकदा तेवढ्यानेच काम होते. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, थोड्या वेळात तो जायला हवा. काळा असेल तर नोझल गळते आहे किंवा लोड जास्त आहे. निळा ऑइलचा.

आणि इंजिन पळालेच तर? हवेच्या तोंडावर बसेल अशी प्लायवुडची फळी चालू करण्याआधीच हाताशी ठेवा. पळू लागले की ती तोंडावर दाबा. चिंधी किंवा हात लावू नका, इंजिन चिंधी आत ओढून घेते. नुसते डिझेल तोडून भागेलच असे नाही: लेव्हल जास्त असेल तर रिंगांवरून वर आलेले ऑइल जाळूनही इंजिन पळत राहते. तेव्हा हवा बंद करणे हाच उपाय.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना विनंती एवढीच की, नोंदणी करताना मालकाकडून रॅकची आणि स्टॉप लिव्हरची वर सांगितलेली चाचणी समोर करून घ्यावी, त्याला पाच मिनिटे लागतात. इंजिन मंडपात किंवा बंद गाळ्यात चालवू देऊ नये. दोरी बांधताना चाकाच्या पातळीत, म्हणजे चाक ज्या दिशांना धावते त्या पुढच्या-मागच्या बाजूंना, एकही माणूस उभा राहणार नाही अशी बांधावी. बघ्यांची जागा शाफ्टच्या टोकांच्या दिशेला, निदान पाच मीटर लांब. लहान मुलांना मात्र तिकडेही दोरीच्या आत सोडू नये.

आपला,
एक इंजिन मेकॅनिक, कराड