क्लेम नाकारल्याचं पत्र बाईला वाचून कोण दाखवणार? ग्राहक संरक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, आधारचं अपडेट अशी कामं. पण मागच्या काही वर्षांत एक वेगळंच काम वाढलंय, नवरा गेलेल्या बायका आयुर्विमा कंपनीचं इंग्रजी पत्र घेऊन येतात आणि विचारतात भाऊ, काय लिहिलंय यात. तुम्ही म्हणाल विमा हा दिल्लीचा विषय, विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारं इर्डा हैदराबादला बसतं, मला कशाला लिहितोस. सांगतो. कंपनीवर तुमचा जोर चालत नाही हे मला माहितीये, पण त्या बाईला वकील मिळवून देणं, जिल्हा ग्राहक आयोग चालू ठेवणं आणि ग्रामपंचायतीतून चार ओळींचा कागद वाटणं हे तर राज्याच्या हातात आहे ना.

आधी त्या पत्राबद्दल. दोन पानं इंग्रजी, मधे पॉलिसीच्या अटींचे नंबर, आणि मुद्दा एवढाच की तुमच्या नवऱ्यानं पॉलिसी घेताना आजार लपवला होता म्हणून क्लेम देत नाही. शेवटी बारीक अक्षरात विमा लोकपालाचा, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकून निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याचा पत्ता असतो, तो कुणी वाचत नाही. हप्ता मागणारा मेसेज मराठीत येतो, एजंट मराठीत बोलतो, जाहिरात मराठीत, फक्त नाही म्हणायची वेळ आली की इंग्रजी. आणि त्या पत्रातल्या एकेका शब्दावर लाखो रुपये अडकलेले असतात साहेब, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

विमा कायदा १९३८ चं कलम ४५ बघा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर असं आहे की पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनीला कोणत्याही कारणावरून ती खोटी ठरवता येत नाही. छान आहे. पण तीन वर्षांच्या आत माणूस गेला तर कंपनी दोन पैकी एक गोष्ट म्हणू शकते. एक, महत्त्वाची माहिती दिली नाही, म्हणजे नुसती दडवली. दोन, फसवणूक केली. वरवर सारखंच वाटतं, पण पहिल्यात कंपनीला दाखवावं लागतं की ही माहिती आधी असती तर आम्ही पॉलिसीच दिली नसती, आणि भरलेले हप्तेही ९० दिवसांत परत करावे लागतात. दुसऱ्यात, म्हणजे फसवणूक म्हटलं की कायदा म्हणतो पॉलिसीवाला जिवंत नसेल तर फसवणूक झाली नाही हे सिद्ध करायचं ओझं वारसांवर. म्हणजे जिनं प्रपोजल फॉर्म कधी बघितला नाही, जिला नवऱ्याची पॉलिसी आहे हेच दहाव्याला कपाट उघडल्यावर कळलं, तिनं सिद्ध करायचं की गेलेल्या माणसाच्या मनात खोट नव्हती! ही ओळ बदलणं संसदेचं काम आहे, पण ती ओळ अशी आहे हे समजून उत्तर लिहिणारा वकील तिच्याजवळ पाहिजे ही गरज तर आजची आहे.

आता फॉर्म कसा भरला जातो ते तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीपण गावाकडचेच. एजंट चहा पिता पिता नाव, जन्मतारीख विचारतो, आजाराच्या रकान्यांत सगळीकडे नाही नाही नाही करत जातो आणि खाली सही किंवा अंगठा, हल्ली तर मोबाईलवर ओटीपी घेतला की झालं. पुढे माणूस हार्ट अटॅकनं गेला की कंपनीचा तपासणीवाला येतो. तो तालुक्याच्या दवाखान्यातून जुना केसपेपर काढतो, त्यावर कुणा डॉक्टरनं गर्दीत लिहिलेलं असतं की बीपीचा जुना पेशंट किंवा दारूची सवय, आणि ते वाक्य पुरावा बनतं. ते कुणी सांगितलं, पेशंटनं की सोबत आलेल्या शेजाऱ्यानं, याचा पत्ता नाही. ग्राहक आयोगांनी अनेकदा म्हटलंय की नुसता केसपेपर पुरत नाही, लिहिणाऱ्या डॉक्टरचं शपथपत्र पाहिजे, पण हे बाईला कोण सांगणार. वरून तो तपासणीवाला तिच्याकडूनच जबाब लिहून घेतो, दुःखाच्या दिवसात, घरात पाहुणे असताना, आणि त्याची कॉपी देत नाही. मी तर आता येणाऱ्या प्रत्येकीला सांगतो की वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

सगळेच क्लेम खरे असतात असं माझं म्हणणं नाही. आजारी माणसाच्या नावानं पॉलिसी काढणाऱ्या टोळ्याही आहेत, त्यांना धरा, जेलात टाका. पण २०१५ मध्येच सुप्रीम कोर्टानं एका प्रकरणात सांगितलं होतं की माणूस हृदयविकारानं गेला आणि त्यानं सांगितला नव्हता तो मणक्याचा त्रास, तर तेवढ्यावरून क्लेम नाकारता येत नाही. २०२५ मध्ये परत एका प्रकरणात कोर्टानं म्हटलं की दुसऱ्या सगळ्या पॉलिस्यांची माहिती दिली नाही एवढ्यावरून पैसे अडवू नका, कारण मोठ्या रकमेची पॉलिसी तर सांगितलेली होती. म्हणजे लढलं तर मिळू शकतं. लढणारे मात्र सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊ शकणारे असतात, आमच्याकडची बाई तालुका कोर्टाची पायरी चढायला घाबरते.

कापूसपट्ट्याची एक वेगळी गोष्ट आहे ती मुंबईतून दिसत नाही. आमच्याकडे हप्ता कापूस विकल्यावर भरतात. भाव पडले, वेचणी लांबली, की हप्ता चुकतो, सवलतीचे तीस दिवस संपतात, पॉलिसी लॅप्स. मग एजंट म्हणतो काही नाही हो, दंड भरून चालू करून घेऊ, आणि तब्येत चांगली आहे अशा फॉर्मवर परत सही घेतो. त्या दिवसापासून कलम ४५ ची तीन वर्षं नव्यानं सुरू होतात! दहा वर्षं हप्ते भरलेला माणूस परत कच्चा झाला हे एजंट सांगत नाही, मला वाटतं अर्ध्या एजंटांना स्वतःला माहिती नसेल.

पत्र आल्यावर काय करायचं, तर कंपनीच्याच तक्रार विभागाला लिहायचं, महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपाल. लोकपालाकडे फी नाही, वकील लागत नाही, उलट वकिलामार्फत तक्रार घेतच नाहीत, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं, निकाल कंपनीवर बंधनकारक. पण नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं. दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोग, तिथे दोन वर्षं, आता बाई राहते त्याच जिल्ह्यात केस टाकता येते आणि भरलेले हप्ते पाच लाखांच्या आत असतील तर फी शून्य. पण आधी आयोगात गेलात की लोकपालाचं दार बंद. आधी लोकपाल आणि तिथे मनासारखं झालं नाही तर आयोग, असा क्रम चालतो. कोणता रस्ता आधी हे ठरवायला जाणकार माणूस पाहिजे. यवतमाळचं प्रकरण लोकपालाकडे पुण्याला जातं, आता सुनावणी व्हिडिओवरही होते म्हणतात, पण त्यासाठी अर्ज, ईमेल, स्कॅन सगळं माझ्यासारख्याच्या टेबलावर होतं आणि मी वकील नाही. मी टाईप करून देतो, कायदा सांगायचा मला अधिकार पण नाही आणि तेवढी अक्कल पण नाही. या पोकळीत टक्क्यावर क्लेम काढून देणारे लोक शिरलेत. कागद सही करून घेतात, पॉलिसीचा ओरिजिनल बॉन्ड ठेवून घेतात, पैसे आले तर हिस्सा, नाही आले तर फोन बंद.

आणि घरातले वाद हे अजून वेगळं प्रकरण. पोरानं लग्नाआधी पॉलिसी घेतली, नॉमिनी आई. लग्न झालं, पोरं झाली, नॉमिनी बदलायचं राहून गेलं. पीएफमध्ये लग्नानंतर जुनं नॉमिनेशन आपोआप रद्द होतं, विम्यात होत नाही. मग पोरगा अपघातात जातो, कंपनी पैसे सासूच्या खात्यात टाकते आणि मोकळी होते, कायद्यानं ती मोकळीच आहे. सून दोन लेकरं घेऊन माहेरी. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की नॉमिनी म्हणजे फक्त पैसे घेणारा हात, मालक वारस. २०१५ च्या दुरुस्तीनं मात्र आईवडील, नवराबायको, पोरं यांच्यापैकी नॉमिनी असेल तर तो हक्कदार अशी भाषा आली, आणि तेव्हापासून कोर्टं वेगवेगळं बोलतात, २०२५ मध्ये कर्नाटक हायकोर्टानं म्हटलं की वारसा कायदा त्यानं बाजूला पडत नाही. हिंदू वारसा कायद्यानं आई, बायको आणि प्रत्येक पोर यांना सारखा वाटा, वडील त्या पहिल्या रांगेत नाहीतच. म्हणजे सासूलाही वाटा आहे, तिलाही पोरगा गेलाय, ती काही खलनायिका नाही. पण हे कोणीतरी दोघींना समोर बसवून समजावून सांगितलं तर निम्मे वाद तिथेच मिटतील, नाहीतर सून दिवाणी कोर्टात आणि सासू भाच्याच्या सल्ल्यानं चालणार. लोकपाल या भानगडीत पडत नाही, तिथे वकीलच लागतो.

आता मुद्द्यावर येतो. वकील फुकट मिळायची सोय आहे साहेब! विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२, कुठलीही स्त्री, तिचं उत्पन्न कितीही असो, तिला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे. त्याच कायद्यात कायम लोक अदालतीची तरतूद आहे आणि विमा सेवा तिच्या यादीत नावानिशी आहे. पण माझ्याकडे आलेल्या एकाही बाईला हे आधी माहिती नव्हतं. पोलीस केस, घटस्फोट, पोटगी यासाठी फुकट वकील मिळतो एवढं लोक ऐकून आहेत, विम्यासाठी मिळतो हे कोणीच सांगत नाही. सोय कोर्टाच्या आवारात आहे आणि बाई बँकेच्या काउंटरला फेऱ्या मारतेय, ह्या दोघांना जोडायचं काम तुमच्या खात्यानं करावं एवढंच माझं मागणं.

विमा कंपन्या गरिबाला कसं फिरवतात हे सरकारला शिकवायची गरज नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजना आठवा. कंपनी आणि ब्रोकर मधे होते तोपर्यंत प्रकरणं त्रुटी काढून परत यायची, शेवटी २०२३ मध्ये शासनानंच कंपन्या बाजूला केल्या आणि दोन लाखांचं सानुग्रह अनुदान थेट द्यायला सुरुवात केली. म्हणजे शासन स्वतः वैतागलं. मग खासगी पॉलिसीवाल्या एकट्या बाईचं काय होत असेल.

मला जे होण्यासारखं वाटतं ते असं. ग्रामपंचायत मृत्यूचा दाखला देते तेव्हाच सोबत एक मराठी कागद द्या: पासबुकात ४३६ रुपये किंवा २० रुपये कटलेत का बघा, कटले असतील तर प्रधानमंत्री जीवन ज्योती किंवा सुरक्षा विम्याचे दोन लाख मागता येतात, जीवन ज्योती मरण कशानंही आलं तरी आणि सुरक्षा अपघातात. कर्ज असेल तर बँकेला विचारा कर्जासोबत विमा काढला होता का, ट्रॅक्टरच्या आणि बचत गटाच्या कर्जात तो बरेचदा असतो आणि घरच्यांकडे त्याचा कागद नसतो. क्लेम नाकारला तर एक वर्षाच्या आत लोकपाल, दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोग. खाली विधी सेवेचा पत्ता. एवढ्या कागदाला काय खर्च येतो?

दुसरं, जिल्हा ग्राहक आयोगात आठवड्यातून एक दिवस विधी सेवेचा वकील फक्त विम्याच्या प्रकरणांसाठी बसवा, आणि तो दिवस तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी तालुक्यालाही ठेवा, कारण बाई त्या दिवशी येतेच. त्यानं नकाराचं पत्र मराठीत समजावून सांगावं, फसवणूक लिहिलंय की माहिती दडवली लिहिलंय ते बघावं, हप्ते परत आले म्हणून पूर्ण आणि अंतिम असं लिहिलेल्या व्हाउचरवर सही करायची की नाही ते सांगावं. आयोगातल्या सदस्यांच्या जागा रिकाम्या ठेवू नका, कायद्यात तीन महिन्यांत निकाल लिहिलाय, ते वाचून आम्हाला हसू येतं. आणि इर्डाला राज्यातर्फे एक पत्र लिहा की महाराष्ट्रात नकाराचं पत्र मराठीतही द्या आणि तपासणीवाल्यानं घेतलेल्या जबाबाची प्रत घरच्यांना द्या. तिथे आधीच नियम आहे की तपास नको असेल तर १५ दिवसांत आणि तपास असेल तर ४५ दिवसांत मृत्यूचा क्लेम निकाली काढायचा, मग भाषेचा नियम करायला काय अडचण आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला, एजंट लोक जोरात फिरतायत, पॉलिस्या निघतायत. म्हणजे दोन-तीन वर्षांनी ही पत्रंही वाढणार. त्याच्या आत हा वकील बसवा. सुरुवात आमच्या तालुक्यापासून करायची असेल तर माझ्या केंद्रातली एक खोली मोकळी आहे, भाडं नको, फक्त पंखा लावून द्या.

आपला,
एक सेवा केंद्रवाला, यवतमाळ जिल्हा

ता. क. हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी असं पत्र येऊन पडलं असेल तर आधी त्याची तारीख बघा, आणि १५१०० वर फोन करा, तो विधी सेवेचा नंबर आहे. लाजू नका, तो हक्क आहे.