सासूबाईंना स्टूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम, नमस्कार.

खानापूर तालुक्यातून पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे फीटल एको, करायला आलेली मी तुम्हाला कशी आठवणार? पण आमच्या घरात तुमचा विषय अजून रोज निघतो.

त्याआधी एका सेंटरवर "ठोके चुकतायत, बेळगावला दाखवा" एवढंच म्हणून हातात कागद दिला होता. म्हणजे काय, विचारलं तर त्यांनी मानही वर केली नाही. मुलगा की मुलगी विचारू नका अशी पाटी तिथे होती, ती हवीच. पण बाळ जगेल का हेही विचारू नये, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? घरी पोचेपर्यंत बायकांनी कारण शोधलंसुद्धा: मी म्हणे ग्रहणात विळी हातात घेतली होती.

तुम्ही पडद्यावर चारही कप्पे दाखवलेत. वरच्या कप्प्यामागून खालचा वेळेवर आकसतो का, आकसण्यात जोर आहे का, हृदयाभोवती पाणी साठलंय का, सगळं मोजलंत. ठोके मिनिटाला 110 ते 160 मध्येच होते, फक्त मधूनच एखादा आगाऊ ठोका घुसत होता. असे ठोके बहुतेक वेळा आपोआप थांबतात. क्वचित वेग 200 च्या वर जातो, म्हणून तपासत राहायचं. तशी वेळ आलीच तर आईला दिलेलं औषध वारेतून बाळाला पोचतं, हेही सांगितलंत.

ते सगळं झाल्यावर तुम्ही स्वतः दार उघडून सासूबाईंना आत बोलावलंत. मी तपासताना ग्रहणाचं पुटपुटले होते, ते तुम्ही ऐकलं असणार. आपलं स्टूल त्यांच्याकडे सरकवलंत आणि उभ्यानेच म्हणालात, "आजी, सुनेचं काय चुकलं नाही. ग्रहणाचा याला संबंध नाही."

फलक कुठल्या भाषेत लावायचे यावरून इथे वर्षानुवर्षं भांडणं चालतात. तुमची मराठी कन्नड वळणाची, आमचं कन्नड बसच्या पाटीपुरतं. तरी त्या खोलीत कुणाचं काही अडलं नाही.

बाळ झालं, ठोके नीट आहेत. कुणी विळीचं नाव काढलं की सासूबाईच दटावतात, "डाक्टरीण बाईंनी सांगितलंय." त्या कुंदा, आपली बेळगावी मिठाई, घेऊन तुमच्याकडे येणार आहेत. नको म्हणू नका, त्या ऐकायच्या नाहीत.