बाबांची टाच

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा "हो हो, बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात जातो. म्हणून लिहितेय. पत्र तरी दुसऱ्याच्या हातात देऊन सुटता येणार नाही.

बाबा, मागच्या खेपेला मी सगळं पाहिलंय. सकाळी पलंगावरून उतरलात आणि पहिली चार पावलं भिंतीला हात लावून, टाच न टेकवता टाकलीत. जिना उतरताना दोन्ही पाय एकाच पायरीवर. विचारलं तर म्हणे, "अंग तापलं की काही जाणवत नाही." आणि तासाभरात रॅकेट घेऊन बाहेर.

हेच वाक्य दोन वर्षांपूर्वी मी स्वतःला ऐकवत होते. हाफ मॅरेथॉनची तयारी चालू होती. पळून आलं की उजवी नडगी ठणकायची, आधी वरपासून खालपर्यंत. मग दुखणं आटत आटत एका जागी आलं, अंगठ्याच्या नखाएवढ्या. मी खूश, म्हटलं कमी होतंय! पण तिथे बोट टेकलं तरी जीव जायचा. एक्स-रे साफ आला, म्हणून आणखी तीन आठवडे पळले. शेवटी एमआरआयमध्ये दिसलं, स्ट्रेस फ्रॅक्चर. असला बारीक तडा सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. पळण्याने हाडाची जी झीज होते ती विश्रांतीतच भरून निघते, आणि मी तेवढी सवडच दिली नव्हती. वेळीच थांबले असते तर बहुधा थोडक्यात निभावलं असतं. चार महिने गेले, त्यातले सहा आठवडे कुबड्यांवर. तुम्हाला मात्र "पाय मुरगळलाय" एवढंच सांगितलं होतं. आई, आता रागावून उपयोग नाही.

तर बाबा, तुमची टाच. तिच्या वरची ती दोरीसारखी जाड शीर म्हणजे अकिलिस टेंडन, पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारा पट्टा, रक्ताची शीर नव्हे. शरीरातला सगळ्यात दणकट टेंडन तोच, पण त्याला रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे भरून यायला तो फार वेळ घेतो. आणि तो फसवतो. सकाळी आखडतो, हालचाल झाली की गप्प बसतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गप्प बसला म्हणजे बरा झाला असं नाही. बॅडमिंटनमध्ये मागे सरकून एकदम उसळी मारताना तो तुटला, तर मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखं वाटतं म्हणे, आणि वळून बघावं तर कुणीच नसतं. मग सहा महिने ते वर्ष.

विश्रांती म्हटलं की तुम्हाला आजारी पडल्यासारखं वाटतं, ठाऊक आहे. पण कुणीही पलंगावर पडा म्हणत नाहीये. उलट टेंडनला पूर्ण आराम मानवत नाही, त्याला बेताचं काम लागतं. उड्या आणि धावणं बंद. सपाटीवर चालणं, सायकल चालेल. माप एकच ठेवा, दुसऱ्या दिवशीची सकाळ. कालच्यापेक्षा जास्त आखडलं असेल तर काल जास्त झालं. टाचा उचलायचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतील, मनाने सुरू करू नका.

आणखी एक, ही चुगली आईने केलीय. खेळायला निघण्याआधी तुम्ही दुखण्याची गोळी घेता. बाबा, हे बंद करा. त्याने टाच बरी होत नाही, तिची तक्रार तेवढी तुमच्यापर्यंत पोचत नाही. शिवाय बीपीच्या काही गोळ्यांबरोबर दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाला जड जाऊ शकतात. डॉक्टरांकडे कशासाठीही गेलात तरी टाचेचं सांगा. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या काही अँटिबायोटिक्सनी टेंडन तुटायचा धोका वाढतो, साठीनंतर जास्तच.

तुमचा जोडीदार वाट बघत असेल हे कळतं. त्याला सांगा, महिनाभर मी फक्त गुण मोजणार. तसंही तुम्ही त्याचे गुण कमीच मोजता.

तुमची,
कुबड्यांवरची लेक

ता. क. आई, रॅकेट कपाटावर ठेवू नकोस. ती काढायला बाबा चवड्यांवर उभे राहतील.