किती देवे?

धानोरा, जि. गडचिरोली
१८ मे

प्रिय मित्रा,
सप्रेम जय सेवा.

नागपुरात खोली पाहताना घरमालकाने आधी आधार कार्ड आणि पगाराची पावती मागितली, हे तुला फार लागले असे तू लिहितोस. उत्तराला उशीर झाला, कारण तेंदूचा हंगाम सुरू आहे आणि पहाटेपासून सारे घर रानात असते.

परवा फळीवर, म्हणजे पाने मोजून घेतात त्या जागी, नवा मुन्शी आला. सत्तर पानांचा एक पुडा, असे मोजत तो वहीत आजीचे नाव आणि बँक खात्याचा क्रमांक उतरवीत होता. आजीने त्याचे नावही विचारले नाही, “किती देवे?” एवढेच विचारले. तो “सात” म्हणाला. आपल्या गोंडांत कुळे देवांच्या संख्येवरून ओळखली जातात; आमचे घर सहा देवांचे, म्हणजे तो सोयरा ठरला, आणि आजीने लगेच त्याची थट्टा आरंभली. तो “सहा” म्हणाला असता तर भाऊबंद ठरला असता. लग्न कोणात जमते आणि कोणात नाही, हे त्या एका आकड्यात कळते. शहराला हा आकडा वाचता येत नाही, म्हणून ते पावती मागते.

ट्युनिसला जन्मलेल्या इतिहासकार इब्न खल्दूनने चौदाव्या शतकातच लिहून ठेवले आहे की टोळीची एकजूट शहरात पिढ्यांगणिक विरते. त्याने दोष सुखासीनतेला दिला. आपल्या वाट्याला ती कुठली आली म्हणा!

तरीही कागदाला मी शत्रू मानत नाही. आपल्याच तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो कागदावरच, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. सर्वसहमतीने निर्णय घेण्याची जुनी रीत त्या गावाने सोडली नाही. उलट त्या रीतीच्या बळावरच त्यांनी कागद मिळवला.

आणि जुने सगळेच गोड नव्हते. माझ्या चुलत बहिणीने सहा देवांतच लग्न केले, तेव्हा पंचांनी दंड बसवला आणि दोन वर्षे तिच्या हातचे पाणी कोणी घेतले नाही. आज ती गडचिरोलीत भाड्याने राहते. तिथे तिला कोणी देव विचारत नाही, याचे तिला केवढे सुख आहे, हे तू तिच्याकडूनच ऐक.

तुझे पत्र मी आजीला वाचून दाखवले. घरमालक किती देवांचा, हे तू विचारलेस का, असे ती विचारते आहे.

तुझा,
बालमित्र