सुध्याला लंडनहून : ऑक्सो टॉवर आणि तुमची ऑइल मिल

लंडन

प्रिय सुध्या,

घाटाजवळची बंद ऑइल मिल तुमच्या मंडळाने हेरून ठेवलीय, तिथे तालमी, प्रदर्शनं, मुलांची शिबिरं सुरू करायची म्हणताय, हे वाचून झकास वाटलं. ‘लंडनला असलं काही असेल तर फोटो पाठव’ म्हणतोस. पाठवतो. पण फोटोत न दिसणारंच तुझ्या जास्त कामाचं आहे, म्हणून हे लांबण.

थेम्सच्या दक्षिण काठावर ऑक्सो टॉवर आहे. मूळचं पोस्ट खात्याचं वीजघर. 1920 च्या दशकात ऑक्सो नावाच्या, मांसाच्या अर्काच्या वड्या विकणाऱ्या कंपनीने ते घेतलं आणि बरंचसं नव्याने बांधलं. मनोऱ्यावर दिव्यांची जाहिरात लावायला परवानगी मिळेना. मग पठ्ठ्यांनी खिडक्याच तशा बसवल्या : वर गोल, मध्ये फुली, खाली गोल. आत दिवा लागला की झाली जाहिरात! पुढे धंदा उठला आणि सत्तरच्या दशकात इमारत जवळपास ओस पडली.

आसपासची वस्तीही तेव्हा विरळ होत चालली होती. बिल्डरांना तिथे हॉटेल आणि ऑफिसांचे टॉवर हवे होते. उरलेल्या रहिवाशांनी 1977 मध्ये कृती समिती काढली. मागणी काय, तर परवडणारी घरं, बाग, नदीकाठाने चालायला वाट. सुनावण्यांवर सुनावण्या झाल्या. अखेर 1984 मध्ये जमीन ग्रेटर लंडन कौन्सिलकडे आली आणि कौन्सिलने ती, सुमारे 13 एकर, रहिवाशांच्या ‘कॉइन स्ट्रीट कम्युनिटी बिल्डर्स’ या संस्थेला 10 लाख पौंडांत दिली. थेम्सकाठी एवढी स्वस्त? अरे, ती कशी वापरायची याच्या अटीच अशा घातल्या की बिल्डरच्या दृष्टीने तिला किंमतच उरली नाही. 1986 मध्ये ते कौन्सिलही बरखास्त झालं. थोडक्यात वाचले म्हणायचे.

दुरुस्त केलेली इमारत 1996 मध्ये उघडली. खाली गॅलरी आणि कारागिरांचे स्टुडिओ, मधल्या पाच मजल्यांवर सहकारी तत्त्वावरची 78 घरं, माथ्यावर रेस्टॉरंट. मी गेलो तेव्हा एक बाई काचेपलीकडे चांदीच्या तारेला पक्कडीने पीळ देत होती. गिऱ्हाईक आत आलं तरी मान वर नाही. वरचं रेस्टॉरंट आपल्या खिशाला झेपणारं नाही, पण मला ते खटकत नाही. धंद्याच्या जागांच्या भाड्यातून संस्थेची बाकीची कामं चालतात. नुसत्या वर्गणीवर एवढी इमारत कोण सांभाळणार?

आपल्या गिरणगावात याच्या उलट झालं. 1991 च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे पालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे होते. 2001 च्या दुरुस्तीने वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली, इमारतींखालची जमीन त्यातून सुटली, आणि पालिका-म्हाडाच्या पदरात फारच थोडं पडलं.

तेव्हा स्टेज किती फुटांचं, ते नंतर ठरवा. आधी सिटी सर्व्हेचा उतारा काढ. मालक कोण, वारस किती, बँकेचा बोजा आहे का, बघ. मालक ‘वापरा हो, आपलीच जागा’ म्हणत असेल तर जास्तच सावध राहा. निदान लांब मुदतीचा नोंदणीकृत भाडेकरार तरी हवाच. आणि 2019 च्या पुराचं पाणी भिंतीवर कुठवर चढलं होतं, तिथे खडूने रेघ मार. पेट्या, तबले, लाइटचं सामान, सगळं त्या रेघेच्या वर.

उताऱ्याचा फोटो पाठव, दादाला दाखवतो. असल्या कागदांत त्याचं डोकं चालतं. काकूंना नमस्कार.

तुझा,
अभय